लॉगऑन विलंब

लॉगऑन विलंब म्हणजे कार्यालयीन संगणकजाळ्याला जोडलेल्या संगणकावर वापरकर्त्याने आपले नाव व परवलीचा शब्द दिल्यापासून प्रत्यक्ष काम करता येईल असा डेस्कटॉप समोर येईपर्यंत लागणारा, अपेक्षेपेक्षा बराच अधिक काळ होय. सुस्थितीतील संगणकावर हा काळ काही सेकंदांचा असतो. दोष असलेल्या जाळ्यात तो अर्ध्या मिनिटापासून दहा मिनिटांपर्यंत वाढू शकतो. हा विलंब संगणकाच्या जुनेपणामुळे होतो असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात मात्र लॉगऑनच्या वेळी संगणक बहुधा स्वतः काम करीत नसून जाळ्यावरील दुसऱ्या एखाद्या यंत्राच्या उत्तराची वाट पाहत असतो. त्यामुळे कोणाला काय विचारले गेले आणि उत्तर कोठे अडले, हे शोधणे हाच या दोषाच्या निदानाचा गाभा आहे.

हा लेख मुख्यतः मायक्रोसॉफ्ट विंडोज व ॲक्टिव्ह डिरेक्टरी वापरणाऱ्या जाळ्यांविषयी आहे. ज्या सर्व्हरांवर लॉगऑन अवलंबून असते ते पूर्णपणे नष्ट झाले तर काय होते, याचे एक मोठे उदाहरण नवी मुंबई परिसरात घडले आहे. जून २०१७ मध्ये न्हावा शेवा येथील एका कंटेनर टर्मिनलचे कामकाज संगणकीय हल्ल्यामुळे ठप्प झाले. त्याची माहिती पुढे स्वतंत्र विभागात दिली आहे.

संज्ञा व पार्श्वभूमी

लॉगऑन व लॉगिन हे शब्द व्यवहारात एकाच अर्थाने वापरले जातात. मराठी संकेतस्थळांवर त्यासाठी 'सनोंद प्रवेश' अशी संज्ञाही रूढ आहे. एकट्या संगणकावर परवलीचा शब्द त्याच संगणकातील नोंदीशी पडताळला जातो. कार्यालयात मात्र प्रत्येक संगणकावर प्रत्येक कर्मचाऱ्याची नोंद ठेवणे शक्य नसल्याने सर्व खाती एका मध्यवर्ती निर्देशिकेत ठेवतात. ही निर्देशिका सांभाळणाऱ्या सर्व्हरला डोमेन कंट्रोलर म्हणतात.

विंडोज २००० या प्रणालीबरोबर फेब्रुवारी २००० मध्ये ॲक्टिव्ह डिरेक्टरी वापरात आली. तिच्यात डोमेन कंट्रोलर शोधण्यासाठी डीएनएस, ओळख पडताळण्यासाठी कर्बेरॉस आणि निर्देशिकेतील माहिती विचारण्यासाठी एलडॅप यांचा उपयोग केला जातो. यांपैकी कर्बेरॉस हा संकेत अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे अथीना प्रकल्पात १९८० च्या दशकात तयार झाला. लॉगऑनचा एकच प्रसंग अशा अनेक सेवांवर अवलंबून असल्याने त्यांतील एकही सेवा अडली तरी वापरकर्त्याला दिसणारे लक्षण एकच असते, ते म्हणजे पडद्यावर फिरत राहणारे वर्तुळ.

लॉगऑनची प्रक्रिया

संगणक सुरू झाल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंतचे टप्पे साधारणतः पुढील क्रमाने घडतात.

१. संगणकाचे जाळ्याशी जोडणारे कार्ड सुरू होते आणि स्विचचा पोर्ट माहिती पुढे नेऊ लागतो.
२. डीएचसीपी सर्व्हरकडून संगणकाला आयपी पत्ता व डीएनएस सर्व्हरचा पत्ता मिळतो.
३. संगणक डीएनएसला आपल्या डोमेनचे कंट्रोलर कोणते, हे विचारतो.
४. मिळालेल्या यादीतून आपल्या साइटमधील, म्हणजे जवळचा, कंट्रोलर निवडला जातो आणि संगणकाचे स्वतःचे खाते पडताळले जाते.
५. संगणकासाठी ठरवलेली ग्रुप पॉलिसी व स्टार्टअप स्क्रिप्ट लागू होतात.
६. वापरकर्ता परवलीचा शब्द देतो. कंट्रोलर तो पडताळून कर्बेरॉसचे तिकीट देतो.
७. वापरकर्त्याची प्रोफाइल उघडते. ती सर्व्हरवर ठेवलेली असल्यास तेथून उतरवून घेतली जाते.
८. वापरकर्त्यासाठीची ग्रुप पॉलिसी, लॉगऑन स्क्रिप्ट, सामायिक ड्राइव्ह व प्रिंटर जोडले जातात.
९. डेस्कटॉप दिसतो आणि आपोआप सुरू होणाऱ्या आज्ञावली चालू लागतात.

सहाव्या टप्प्यातील परवलीच्या शब्दाची पडताळणी सुस्थितीतील जाळ्यात एका सेकंदाहूनही कमी वेळात होते. विलंब बहुधा त्याआधीच्या तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात किंवा त्यानंतरच्या सातव्या-आठव्या टप्प्यात होतो.

विंडोज एक्सपीपासून लॉगऑन जलद व्हावे म्हणून जाळ्याची वाट न पाहता डेस्कटॉप दाखवण्याची सोय करण्यात आली. तसेच पूर्वी लॉगऑन केलेल्या वापरकर्त्यांची पडताळणीपुरती माहिती संगणकात जपून ठेवली जाते. मूळ मांडणीत ही संख्या दहा असते. यामुळे डोमेन कंट्रोलर उपलब्ध नसतानाही लॉगऑन यशस्वी होऊ शकते. म्हणून लॉगऑन झाले, एवढ्यावरून कंट्रोलरशी संपर्क झाला होता असा निष्कर्ष काढता येत नाही.

विलंबाचे स्वरूप

विलंबाची लांबी हाच अनेकदा त्याच्या कारणाचा पहिला पुरावा ठरतो. दर वेळी जवळपास तेवढाच विलंब होत असेल, तर कोठेतरी ठरलेली प्रतीक्षामर्यादा संपेपर्यंत संगणक थांबत आहे असे समजावे. दिवसाच्या वेळेनुसार विलंब कमीजास्त होत असेल, तर भार किंवा बँडविड्थ यांचा संबंध असण्याची शक्यता अधिक असते. नेहमी आढळणाऱ्या काही मर्यादा पुढीलप्रमाणे आहेत.

* ३० सेकंद : संगणक सुरू होताना ग्रुप पॉलिसीसाठी जाळ्याची वाट पाहण्याची विंडोजची मूळ मर्यादा. रोमिंग प्रोफाइल असताना जाळ्याची वाट पाहण्याची मूळ मर्यादाही एवढीच असते.
* ३० सेकंद : स्पॅनिंग ट्री या संकेताच्या जुन्या रूपात स्विचचा पोर्ट खुला होण्यापूर्वी १५ सेकंद ऐकण्याचे व १५ सेकंद शिकण्याचे जातात.
* ५ मिनिटे : विंडोज ८.१ पासून लॉगऑन स्क्रिप्ट मुद्दाम पाच मिनिटे उशिरा सुरू होते. डेस्कटॉप लगेच दिसतो, पण सामायिक ड्राइव्ह नंतर उगवतात, या तक्रारीचे मूळ येथे असू शकते.
* १० मिनिटे : ग्रुप पॉलिसीतून चालणारी स्क्रिप्ट संपण्याची वाट पाहण्याची मूळ मर्यादा ६०० सेकंद असते. अडकलेली स्क्रिप्ट संपूर्ण लॉगऑन एवढा वेळ रोखून धरू शकते.

सर्वच दोष जाळ्यात असतात असे नाही. विंडोज ७ मध्ये डेस्कटॉपला चित्राऐवजी एकच रंग दिल्यास स्वागताचा पडदा ३० सेकंद तसाच राहत असे. हा त्या प्रणालीतीलच दोष होता आणि मायक्रोसॉफ्टने त्यासाठी दुरुस्ती दिली होती.

प्रमुख कारणे

डीएनएसची चुकीची मांडणी

लॉगऑन विलंबाचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. डोमेन कंट्रोलरचे पत्ते कार्यालयाच्या अंतर्गत डीएनएस सर्व्हरवरच नोंदलेले असतात. संगणकाला इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपनीचा, राउटरचा किंवा सार्वजनिक डीएनएस दिलेला असल्यास त्याला अंतर्गत डोमेनचे नावच ठाऊक नसते. संगणक मग इतर मार्गांनी शोध घेत राहतो आणि शेवटी जपून ठेवलेल्या माहितीवर लॉगऑन करतो.

'इंटरनेट बंद पडू नये म्हणून' सार्वजनिक डीएनएस दुय्यम सर्व्हर म्हणून देण्याची पद्धत अनेक कार्यालयांत आढळते. ती घातक ठरते. पहिल्या सर्व्हरचे उत्तर एकदा वेळेत आले नाही की विंडोज दुसऱ्याकडे वळते आणि काही काळ त्यालाच विचारत राहते. त्यामुळे दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही. संगणकांना केवळ अंतर्गत डीएनएस द्यावा आणि बाहेरील नावे विचारण्याचे काम त्या सर्व्हरवर सोपवावे, हा यावरील मान्य उपाय आहे.

साइट व सबनेट यांची नोंद नसणे

संस्थेची अनेक शहरांत कार्यालये असतील तर ॲक्टिव्ह डिरेक्टरीत प्रत्येक ठिकाणची साइट आणि तेथील सबनेट यांची जोडी नोंदवावी लागते. नवीन मजला घेतला, नवीन सबनेट सुरू केला, पण त्याची नोंद राहून गेली, तर तेथील संगणकाला जवळचा कंट्रोलर कोणता हे कळत नाही. तो दूरच्या शहरातील किंवा देशातील कंट्रोलरकडे जातो.

अंतरामुळे पडणारा फरक मोठा असतो. ग्रुप पॉलिसी व स्क्रिप्ट वाचताना संगणक व सर्व्हर यांच्यात शेकडो लहान प्रश्नोत्तरे होतात. समजा ती ५०० आहेत. इमारतीतील सर्व्हरला प्रत्येक फेरीस १ मिलिसेकंद लागत असेल तर एकूण अर्धा सेकंद जातो. परदेशातील सर्व्हरला फेरीस ६० मिलिसेकंद लागत असतील तर तेच काम ३० सेकंद घेते. येथे जोडणीची क्षमता वाढवून फारसा लाभ होत नाही, कारण वेळ माहितीच्या आकारमानामुळे नव्हे, तर फेऱ्यांच्या संख्येमुळे जातो.

स्विच व केबल

स्पॅनिंग ट्रीमुळे पोर्ट खुला होण्यास अर्धा मिनिट लागत असेल आणि संगणक एसएसडीमुळे त्याआधीच सुरू होत असेल, तर पत्ता मागण्याची पहिली विनंती वाया जाते. संगणक स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतो आणि कंट्रोलर सापडत नाही. जुना संगणक बदलून नवा, वेगवान संगणक दिल्यावर तक्रार वाढते, ती या कारणाने. ज्या पोर्टना केवळ संगणक जोडलेले आहेत, तेथे पोर्ट लगेच खुला करण्याची सोय चालू करणे हा त्यावरील उपाय आहे. सैल जोडणी, खराब क्रिंपिंग किंवा दोन टोकांना वेगवेगळी वेगमर्यादा यांमुळेही माहिती गळून पुन्हा पुन्हा पाठवावी लागते.

घड्याळातील फरक

कर्बेरॉसचे तिकीट ठरावीक वेळेपुरते वैध असते. मूळ मांडणीनुसार संगणक व कंट्रोलर यांच्या घड्याळांत पाच मिनिटांपर्यंतचा फरक चालतो. मदरबोर्डवरील बॅटरी संपलेला संगणक चुकीची वेळ घेऊन सुरू होतो आणि सर्व्हर त्याच्या विनंत्या नाकारतो. भारतात सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळ-सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी, जुळवून ठेवणे अपेक्षित आहे.

रोमिंग प्रोफाइल

रोमिंग प्रोफाइलमध्ये वापरकर्त्याची मांडणी व फाइली सर्व्हरवर राहतात आणि लॉगऑनच्या वेळी संगणकावर उतरतात. डेस्कटॉपवर साठवलेली छायाचित्रे व मोठ्या फाइली यांमुळे प्रोफाइल हळूहळू फुगते. २ गिगाबाइटची नवी प्रत उतरवायची झाल्यास १ गिगाबिट वेगाच्या जोडणीवर किमान १६ सेकंद, १०० मेगाबिटवर सुमारे १६० सेकंद आणि १० मेगाबिटवर सुमारे २७ मिनिटे लागतात. चाळीस कर्मचाऱ्यांनी सकाळी एकाच वेळी लॉगऑन केले आणि सर्व्हरची जोडणी १ गिगाबिटची असली, तर शेवटच्या माणसाला दहा मिनिटांहून अधिक थांबावे लागू शकते. सकाळी अडणारे लॉगऑन दुपारी सुरळीत होते, याचे हे एक स्पष्टीकरण आहे.

मृत ड्राइव्ह व प्रिंटर

काढून टाकलेल्या सर्व्हरवरील सामायिक फोल्डर, बंद झालेला प्रिंट सर्व्हर, जुन्या नावाचा शॉर्टकट अशा नोंदी वर्षानुवर्षे स्क्रिप्टमध्ये राहतात. संगणक प्रत्येकाला विचारतो आणि प्रत्येकाच्या मौनाची मर्यादा संपेपर्यंत थांबतो. अशा तीन-चार नोंदी एकत्र आल्या की मिनिट-दोन मिनिटे सहज जातात.

स्थानिक कारणे

यांत्रिक हार्डडिस्क, अपुरी मेमरी, प्रत्येक फाइल तपासणारे अँटिव्हायरस, लॉगऑनबरोबर सुरू होणाऱ्या अनेक आज्ञावली आणि बिघडलेली स्थानिक प्रोफाइल ही संगणकातीलच कारणे आहेत. यांत डेस्कटॉप दिसतो, पण काही काळ प्रतिसाद देत नाही. हा फरक निदानास उपयोगी पडतो.

निदान

पहिली पायरी म्हणजे विलंबाची व्याप्ती ठरवणे. तक्रार एका माणसाची आहे, एका संगणकाची, एका मजल्याची की सर्व कार्यालयाची, हे समजल्याशिवाय काहीही बदलू नये. त्यासाठी पुढील तुलना उपयोगी पडतात.

* तोच वापरकर्ता दुसऱ्या संगणकावर : तेथेही विलंब असल्यास कारण खाते, प्रोफाइल, स्क्रिप्ट किंवा त्याला लागू पॉलिसीत असते.
* दुसरा वापरकर्ता त्याच संगणकावर : तोही अडत असल्यास कारण संगणकात किंवा त्याच्या जोडणीत असते.
* स्थानिक खात्याने लॉगऑन : ते जलद झाल्यास डोमेनशी संबंधित टप्पे संशयित ठरतात.
* केबल काढून व वायफाय बंद करून लॉगऑन : ते जलद झाल्यास संगणक निर्दोष असून जाळ्यावरील कोणाची तरी वाट पाहत आहे, हे जवळपास निश्चित होते. ही चाचणी पूर्वी त्या संगणकावर लॉगऑन केलेल्या वापरकर्त्यालाच करता येते.

यानंतर मोजमाप करतात. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये पुढील नोंदी महत्त्वाच्या मानल्या जातात. विनलॉगऑनची ६००५ ही नोंद एखादा घटक फार वेळ घेत असल्याचे, तर ६००६ ही नोंद त्याने किती सेकंद घेतले हे सांगते. नेटलॉगऑनची ५७१९ ही नोंद डोमेन कंट्रोलर सापडला नसल्याची असते. ग्रुप पॉलिसीच्या स्वतंत्र नोंदवहीत ५०१६ या नोंदींतून पॉलिसीच्या प्रत्येक घटकाला लागलेला काळ मिलिसेकंदांत कळतो आणि ८००१ या नोंदीतून वापरकर्त्याच्या पॉलिसीचा एकूण काळ कळतो. कंट्रोलरवरील ५८०७ ही नोंद सबनेट न नोंदवलेले संगणक येत असल्याचे दाखवते.

आज्ञांपैकी इपकॉन्फिगने पत्ता व डीएनएस तपासता येतो. एनएसलुकअपने डोमेनची नावे सापडतात का ते पाहता येते. एनएलटेस्टने कोणता कंट्रोलर व कोणती साइट मिळाली हे कळते. जीपीरिझल्टने लागू झालेल्या पॉलिसींची यादी मिळते आणि डब्ल्यू३२टीएमने घड्याळाची स्थिती कळते. एवढ्याने कारण सापडले नाही तर वायरशार्कने जाळ्यावरील संभाषण टिपतात. त्यात मजकुरापेक्षा मोकळ्या जागा शोधायच्या असतात. एखाद्या प्रश्नानंतर कित्येक सेकंद काहीच नसेल, तर तो प्रश्न ज्या पत्त्याला विचारला गेला तेथे दोषाचा माग लागतो.

एका वेळी एकच बदल करावा, बदलापूर्वी व नंतरचा काळ लिहून ठेवावा आणि उपयोग न झालेला बदल मागे घ्यावा, हा या कामातील मूलभूत नियम आहे. चार गोष्टी एकदम बदलल्या तर विलंब नाहीसा झाला तरी कारण कळत नाही आणि दोष पुन्हा उद्भवल्यास काम पहिल्यापासून करावे लागते.

नवी मुंबईतील स्थिती

सिडकोने १९७० पासून वसवलेल्या नवी मुंबईत कारखाने व माहिती-तंत्रज्ञानाची कार्यालये शेजारी-शेजारी आहेत. ठाणे-बेलापूर मार्गालगतच्या औद्योगिक पट्ट्यात महापे येथील मिलेनियम बिझनेस पार्क, ऐरोली व रबाळे येथील संकुले व डेटा सेंटरे आणि वाशी व बेलापूर रेल्वे स्थानकांच्या इमारतींतील कार्यालये ही त्याची उदाहरणे होत. यांपैकी अनेक ठिकाणी बहुराष्ट्रीय संस्थांच्या शाखा असल्याने स्थानिक संगणकांचे लॉगऑन दूरच्या सर्व्हरांशी जोडलेले असण्याचा संभव अधिक असतो. त्यामुळे साइट व सबनेट यांच्या नोंदी अचूक ठेवण्यास येथे विशेष महत्त्व आहे.

वीजपुरवठा खंडित होणे हा दुसरा संबंधित विषय आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे व नवी मुंबई परिसराची वीज एकाच वेळी गेली होती. अशा प्रसंगानंतर सर्व यंत्रे एकदम सुरू होतात आणि संगणक कंट्रोलरच्या आधी तयार होतात. जो कंट्रोलर डीएनएससाठी केवळ स्वतःवर अवलंबून असतो, तोही सुरू होताना स्वतःच्याच सेवेची वाट पाहत राहतो. म्हणून किमान दोन कंट्रोलर ठेवून त्यांनी डीएनएससाठी प्रथम एकमेकांना विचारावे अशी मांडणी करतात आणि वीज आल्यावर स्विच, कंट्रोलर, फाइल सर्व्हर व शेवटी संगणक असा क्रम पाळतात.

न्हावा शेवा, २०१७

उरण तालुक्यातील न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. तेथील गेटवे टर्मिनल्स इंडिया हे कंटेनर टर्मिनल ए. पी. मोलर–मर्स्क या डॅनिश उद्योगसमूहातील एपीएम टर्मिनल्स आणि भारतीय कंटेनर निगम यांच्या भागीदारीतील आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एम.ई.डॉक या हिशेबाच्या आज्ञावलीच्या अद्ययावतनातून नॉटपेट्या हा विध्वंसक कार्यक्रम पसरला आणि मर्स्कच्या जगभरच्या जाळ्यात शिरला. मर्स्कच्या ७६ टर्मिनलांपैकी १७ टर्मिनलांना त्याचा फटका बसला. त्यांत न्हावा शेव्याचे टर्मिनल होते. तेथील संगणकीय कामकाज थांबले, कंटेनरांची हाताळणी मनुष्यबळाने करण्याचे प्रयत्न झाले आणि बंदराबाहेर साचणाऱ्या मालासाठी जागेची व्यवस्था करावी लागली.

मर्स्कचे सुमारे १५० डोमेन कंट्रोलर एकमेकांच्या माहितीची प्रत ठेवत असत. एक गेला तर दुसरा काम पुढे नेईल अशी ती रचना होती. सर्वच एकदम नष्ट होतील हे गृहीत धरलेले नव्हते. सर्व्हरांच्या प्रती परत मिळाल्या तरी कंट्रोलरांशिवाय कोणत्या वापरकर्त्याला काय पाहू द्यायचे हे ठरवता येत नव्हते. अखेर घाना येथील एक कंट्रोलर सुरक्षित आढळला, कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेल्याने तो जाळ्यापासून तुटलेला होता. तेथील जोडणी इतकी मंद होती की माहिती जाळ्यावरून पाठवण्याऐवजी हार्डडिस्क विमानाने नायजेरियामार्गे इंग्लंडला नेण्यात आली. मर्स्कचे अध्यक्ष जिम हागेमन स्नाबे यांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितल्यानुसार कंपनीने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभे केले. कंपनीने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर असल्याचे जाहीर केले होते.

सुरक्षेशी संबंध

नॉटपेट्या दोन मार्गांनी पसरत होता. एक म्हणजे विंडोजमधील, मार्च २०१७ मध्येच दुरुस्ती उपलब्ध झालेली, त्रुटी. दुसरा म्हणजे संगणकाच्या मेमरीत राहिलेली लॉगऑनची माहिती चोरून तिच्या आधारे पुढील संगणकात शिरणे. दुसऱ्या मार्गाचा लॉगऑन विलंबाच्या निदानाशी थेट संबंध येतो. तक्रार तपासताना तंत्रज्ञ अनेकदा कर्मचाऱ्याच्या संगणकावर डोमेनच्या सर्वोच्च अधिकाराच्या खात्याने लॉगऑन करून पाहतात. ते खाते त्या संगणकाच्या मेमरीत राहू शकते आणि तो संगणक बाधित असल्यास संपूर्ण डोमेन हल्लेखोराच्या हाती जाऊ शकते. म्हणून अशा तपासणीसाठी मर्यादित अधिकारांचे वेगळे खाते वापरावे असा दंडक आहे.

विलंब कमी करण्याच्या नावाखाली अँटिव्हायरस कायमचे बंद करणे, सुरक्षा अद्ययावतने थांबवणे, वापरकर्त्यांना संगणकावर प्रशासकाचे अधिकार देणे किंवा सुरक्षेच्या पॉलिसी काढून टाकणे हे उपाय त्याज्य मानले जातात. अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करून फरक मोजणे ही चाचणी आहे. तो तसाच ठेवणे हा उपाय नव्हे. त्याचप्रमाणे कंट्रोलरांनी परस्परांच्या प्रती ठेवणे म्हणजे बॅकअप नव्हे. निदान एका कंट्रोलरचा बॅकअप जाळ्यापासून तोडलेल्या ठिकाणी ठेवावा आणि तो प्रत्यक्ष परत उभा करून पाहावा, हा धडा न्हावा शेव्यासह मर्स्कच्या सर्व ठिकाणच्या अनुभवातून मिळाला. सर्ट-इनच्या २०२२ च्या निर्देशांनुसार संगणकीय नोंदी १८० दिवस जपणे अपेक्षित आहे. या नोंदी विलंबाच्या निदानातही उपयोगी पडतात, कारण दोष कोणत्या दिवसापासून सुरू झाला आणि त्या दिवशी काय बदलले होते, हे त्यांवरूनच कळते.

प्रतिबंध

विलंब पुन्हा उद्भवू नये म्हणून पुढील कामे ठरावीक काळाने करतात : नवीन सबनेटची साइटमध्ये नोंद करणे, डीएचसीपीतून दिले जाणारे डीएनएस पत्ते तपासणे, सर्व्हर निवृत्त करताना त्याच्याशी जोडलेले ड्राइव्ह, प्रिंटर व स्क्रिप्टमधील उल्लेख काढणे, रोमिंग प्रोफाइलला आकारमर्यादा घालणे किंवा मोठी फोल्डरे सर्व्हरवरच ठेवून ती न उतरवणे, आणि सुस्थितीतील लॉगऑनचा काळ नोंदवून ठेवणे. या शेवटच्या नोंदीअभावी तक्रार खरी आहे की भासमान हेही सांगता येत नाही.

हेही पहा

* ॲक्टिव्ह डिरेक्टरी
* डीएनएस
* कर्बेरॉस
* नॉटपेट्या
* जवाहरलाल नेहरू बंदर
* नवी मुंबई